बंदा रुपया : पारख आणि जतन

मनुष्य सचोटीचा असला म्हणजे त्याला मराठींत ‘बंदा रुपया’ म्हणतात. बोलणें स्वच्छ आणि निर्भीड असलें म्हणजे तें ‘खणखणीत’ ठरतें, आणि कुळाच्या लौकिकास उणेपणा आला म्हणजे त्याला ‘बट्टा लागला’ असें म्हणतात. हे तिन्ही शब्दप्रयोग सराफाच्या पेढीवरून घरांत आले आहेत. बंदा म्हणजे न मोडलेला, सबंध. खणखण हा रुप्याचा नाद. आणि बट्टा म्हणजे हलक्या किंवा परक्या नाण्यावर सराफ कापून घेत असे ती कसर. शुद्ध चांदीचा रुपया व्यवहारांतून जाऊन आठ दशकें लोटलीं, तरी भाषेनें त्याला सोडलेलें नाहीं आणि घरांनींही सोडलेलें नाहीं. धनत्रयोदशीस, पाडव्यास किंवा घरांत लग्न ठरलें म्हणजे अनेक कुटुंबें सराफाकडून जुने राणीछाप रुपये किंवा नव्या घडणीचीं चांदीचीं नाणीं आजही आवर्जून घेतात. घेतांना भाव विचारला जातो. पारख मात्र बहुधा सराफावर सोंपविली जाते. ही पारख घरच्या घरीं कितपत करतां येते, आणि घेतलेलें नाणें पुढच्या पिढीच्या हातीं जसेंच्या तसें कसें पोंचवावें, हा या भाषणाचा विषय आहे.

बारामती आणि इंदापूर या दोन गांवांचें रुपयाशीं नातें जुनें आहे. कऱ्हेच्या कांठच्या बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांचा वाडा. नाइकांची सावकारी थेट पेशव्यांपर्यंत पोंचलेली. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे बंधु आबाजी नाईक यांस दिलेली. कविवर्य मोरोपंतांस आश्रय मिळाला तो याच घराण्याचा. परंतु त्या काळीं रुपया एक नव्हता. अंकुशाचें चिन्ह असलेला पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, सुरतेचा सुरती, असे नाना शिक्के एकाच बाजारांत फिरत. प्रत्येकाचा कस निराळा आणि भावही निराळा. म्हणून गांवगाड्यांत पोतदार असे. तो बहुधा सोनार असावयाचा. साऱ्याचा भरणा होतांना प्रत्येक नाणें पाहून खरें-खोटें सांगणें हें त्याचें काम, आणि त्याबद्दल त्याला गांवाकडून हक्क मिळे. पारख ही त्या काळीं चैन नव्हती. ती गांवाची गरज होती.

१८३५ सालीं कंपनी सरकारनें सर्व मुलुखासाठीं एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे नेमका एक तोळा. आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हा यंत्रावर पाडलेला, म्हणून लोकांनीं त्याला ‘कलदार’ म्हटलें. योगायोग असा कीं, याच सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनीं जमिनीच्या मोजणीची व आकारणीची नवी पद्धत प्रथम इंदापूर तालुक्यांत लागू केली. सारा ठरलेल्या दिवशीं रोख भरावयाचा, पीक येवो वा न येवो. तेव्हां रुपयासाठीं सावकाराचें दार आलेंच. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें, जें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत होतें आणि आतां बारामती तालुक्यांत आहे, कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं बाजाराच्या दिवशीं सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. तो वणवा इतर तालुक्यांत पसरला, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. या इतिहासाचा बोध एका वाक्यांत सांगण्यासारखा आहे. ज्याला नाणें ओळखतां येत नाहीं आणि कागद वाचतां येत नाहीं, तो दोन्हींकडून नागवला जातो. आजच्या सुशिक्षित कुटुंबासही हा बोध लागू आहे. कारण कागद वाचतां येणें निराळें आणि तो वाचणें निराळें.

आतां एका घरचा प्रसंग कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. इंदापूर तालुक्यांतील एक बागाईतदार. उसाचें बिल हातीं आलें आणि मुलीचें लग्न ठरलें. गृहस्थानें बारामतीस जाऊन जुने रुपये घेतले, नग पंचवीस. सराफानें ते त्याच्यासमोर काट्यावर घातले. वजन बरोबर भरलें. पैसे देऊन गृहस्थ समाधानानें घरीं आला. रात्रीं जेवणें झाल्यावर गृहिणीनें रुपये ताटांत घेतले आणि एकेक बोटाच्या टोंकावर तोलून दुसऱ्या रुपयाच्या कडेनें हलकेंच वाजविण्यास आरंभ केला. तिच्या आजीनें तिला तसें शिकविलें होतें. बारावा कीं तेरावा रुपया वाजवितांच ती थबकली.

“अहो, हा रुपया बोलत नाहीं.”

“सगळे सारख्याच वजनाचे आहेत. माझ्यादेखत काट्यावर घातले त्यांनीं.”

“वजन सारखें असेल. आवाज सारखा नाहीं.”

मग मुलानें दिवा जवळ घेऊन प्रत्येक रुपयावरील साल वाचलें. अठरा रुपये राणीचे आणि पंचम जॉर्जचे निघाले. सहा रुपयांवर १९४१ ते १९४५ मधलीं सालें होतीं. आणि जो बोलत नव्हता, त्याच्यावर राणीचा मुखवटा होता खरा. पण केसांच्या बटा झिजल्याशिवायच पुसट, अक्षरें लोण्यांत उमटवावीं तशीं बसकीं, आणि कांठावर एक बारीक शीर चहूंकडून फिरलेली. तो ओतीव होता. सांच्यांत ओतलेल्या नाण्याला अशी शीर राहते. टांकसाळींत ठशाखालीं दाबून पाडलेल्या नाण्याला ती नसते.

ओतीव रुपया एकच होता. नुकसान अधिक झालें तें सहा खऱ्या रुपयांनीं. हें विचित्र वाटेल, पण हिशेब साधा आहे. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या सालांचे सरकारी रुपये ११.६६ ग्रॅमचे आणि शेंकडा ९१.६७ चांदीचे, म्हणजे प्रत्येकांत शुद्ध चांदी सुमारें १०.६९ ग्रॅम. महायुद्धांत चांदीची टंचाई पडली, तेव्हां १९४० पासून रुपयांत निम्मी चांदी, शेंकडा ४० तांबें, आणि निकल व जस्त शेंकडा पांच-पांच असें मिश्रण घातलें. वजन मात्र तेंच ठेवलें. या रुपयांत शुद्ध चांदी भरते ५.८३ ग्रॅम. सहा रुपयांमागें फरक पडला सुमारें २९ ग्रॅमचा. काटा खोटा नव्हता; नाणींही सरकारीच होतीं; पण शुद्ध चांदीच्या भावानें निम्मी चांदी घेतली गेली होती. बिलावर लिहिलें होतें, ‘जुने चांदीचे रुपये, नग २५’. कोणत्या राजाचे, कोणत्या सालाचे, किती कसाचे, याबद्दल त्यांत अवाक्षर नव्हतें. तिसऱ्या दिवशीं यादी आणि रुपये घेऊन पतिपत्नी परत गेलीं. सराफानें मान्य केलें कीं मोडींत आलेला माल त्यानेंही एकेक करून पाहिलेला नव्हता. त्यानें सातही रुपये बदलून दिले आणि बिल नव्यानें लिहिलें. हीच गोष्ट दहा वर्षांनीं उघडकीस आली असती, तर कोणी कोणास काय म्हणावयाचें होतें? आणि ती मुलीच्या सासरीं उघडकीस आली असती, तर बट्टा रुपयाला लागला नसता. तो माहेराला लागला असता.

या प्रसंगावरून पारखेचा क्रम सहज ठरवितां येतो.

पहिली पारख खरेदीपूर्वीं करावयाची, आणि ती शब्दांची. आपण चांदी घेत आहों कीं इतिहास, हें मनाशीं ठरवावें. चांदीच घ्यावयाची असेल, तर झिजलेला साधा रुपया आणि नवा दिसणारा रुपया यांच्या भावांत फार अंतर नको. संग्राहकांच्या जगांत मात्र कांहीं सालांना अवाच्या सवा किंमत येते. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा शुद्ध चांदीचा रुपया अतिशय दुर्मिळ आहे. म्हणूनच १९३८ च्या आंकड्यांत फेरफार करून तो ‘बनविला’ जातो. १९११ सालच्या रुपयावर पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली होती, आणि पुढच्या वर्षीं चित्र सुधारलें. तो ‘डुकरी रुपया’ म्हणून मागितला जातो. उलट १८६२ सालचा रुपया जुना असला तरी दुर्मिळ नव्हे. कारण तेंच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडले जात होते. साल जुनें म्हणजे किंमत मोठी, हा समज घेऊन बाजारांत जाऊं नये.

दुसरें, तोळ्याचा घोंटाळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण दशमान वजनें आल्यानंतर पेठेंत दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची वहिवाट पडली आहे. आजीच्या तोंडचा तोळा आणि सराफाच्या तोंडचा तोळा एक नव्हे. भाव ठरवितांना आणि बिल लिहून घेतांना ग्रॅम बोलावा. बिलांत नग, प्रत्येकाचें साल, एकूण वजन, कस, त्या दिवसाचा भाव, घडणावळ असल्यास ती, आणि तीन टक्के कर हीं सर्व निरनिराळीं दाखविलेलीं असावीं. घरीं नेऊन तपासल्यावर दोष आढळल्यास किती दिवसांत परत घेणार, तेंही त्याच कागदावर लिहून घ्यावें. प्रामाणिक सराफ याला हरकत घेत नाहीं; जो घेतो, त्यानें पारख सोपी केली असें समजावें.

घरीं आल्यावर प्रथम डोळ्यांनीं पाहावें. तिरप्या उजेडांत भिंगाखालीं अक्षरांच्या कडा, केसांच्या रेषा, कांठावरील दांते निरखावे. बारीक छिद्रें, फुगे, कांठावरची शीर हीं ओतकामाचीं लक्षणें. एका बाजूस गुळगुळीत डाग किंवा निराळ्या रंगाचा टांका दिसला, तर तो रुपया एके काळीं दागिन्यांत ओंवलेला किंवा कडी लावलेला असावा. त्याची चांदी खरी, पण नाणें म्हणून मोल उणें.

नंतर वजन. शंभरांशापर्यंत दाखविणारा लहान काटा हल्लीं फार महाग नाहीं. चलनाच्या काळीं कायद्यानें रुपयाला शेंकडा दोनपर्यंत झीज माफ होती. म्हणजे सुमारें ११.४३ ग्रॅमपर्यंतचा रुपया चाले. त्याहून बराच हलका असून मुखवटा मात्र टवटवीत दिसत असेल, तर शंका घ्यावी. झीज ही वजनांत दिसली तर चेहऱ्यावरही दिसली पाहिजे.

लोहचुंबक लावून पाहावा. चांदीला तो ओढीत नाहीं. १९४७ सालचा रुपया निव्वळ निकलचा आहे. तो चटकन् चिकटतो. परंतु चिकटला नाहीं म्हणून चांदी, असा उलटा निष्कर्ष काढूं नये. तांबें, शिसें आणि जर्मन सिल्व्हर यांनाही चुंबक ओढीत नाहीं.

आवाजाची पारख वर सांगितलीच आहे. रुपया फरशीवर आपटून पाहण्याची जुनी संवय मात्र सोडावी. त्यानें कांठ चेंबतो. आणि हेंही ध्यानांत ठेवावें कीं, आंतून चीर गेलेला खरा रुपयाही मुका होतो. नाद हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

न्यायाधीशाच्या योग्यतेची घरगुती परीक्षा म्हणजे पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आंकडा शून्यावर आणावा. रुपया बारीक दोऱ्यानें बांधून पाण्यांत पूर्ण बुडेल, पण तळास वा कडेस लागणार नाहीं असा धरावा. काटा जो आंकडा दाखवील, तितक्या ग्रॅमचें पाणी रुपयानें बाजूस सारलें. रुपयाच्या वजनाला त्या आंकड्यानें भागलें कीं धातूचें विशिष्ट गुरुत्व निघतें. निव्वळ चांदीचें तें १०.४९ आहे, जुन्या कलदाराचें सुमारें १०.३ यावें, युद्धकालीन रुपयाचें ९.५ च्या आसपास. आणि जर्मन सिल्व्हरचें साडेआठ ते पावणेनऊ. भागाकाराचा कंटाळा असेल त्यानें इतकेंच लक्षांत ठेवावें. पूर्ण वजनाचा खरा कलदार काट्यावर सुमारें १.१३ दाखवितो, युद्धकालीन १.२२, आणि जर्मन सिल्व्हरचा खोटा १.३६ च्या आगेंमागें. नवें दहा ग्रॅमचें शुद्ध नाणें ०.९५ दाखवील. आर्किमिडीजनें राजमुकुटासाठीं जी युक्ति योजिली असें सांगतात, तीच ही. शाळेंत जी मुलें ती पाठ करतात, त्यांच्याच हातून ती घरीं करवावी. पाण्यांतून काढलेला रुपया मऊ सुती कापडानें टिपावा, घांसूं नये.

सराफाच्या कसोटीवर घांसणें, कानस लावणें, तेजाब टाकणें या परीक्षा खऱ्या, पण नाण्याला व्रण करणाऱ्या. मोठ्या पेढ्यांवर क्ष-किरणांचें यंत्र असतें. तें व्रण न करतां कस सांगतें. मात्र तें वरचाच थर वाचतें. जाड मुलामा दिलेला असेल तर फसतें. म्हणून यंत्राची चिठ्ठी आणि पाण्याची परीक्षा या दोन्ही जुळल्या म्हणजे निश्चिंत व्हावें.

पारख झाली, आतां जतन. येथें शत्रु चोर नव्हे, तर बहुधा घरांतलीं प्रेमळ माणसेंच असतात. दिवाळी आली कीं रुपये चिंचेनें, राखेनें, रांगोळीनें किंवा दंतमंजनानें लखलखीत करण्याची अनेक घरांत चाल आहे. प्रत्येक घांसण्यास चांदीचा एक सूक्ष्म थर जातो, आणि त्याबरोबर केसांची रेषही जाते. चांदीवर येणारा काळसरपणा हा गंज नव्हे. हवेंतील गंधकाच्या वायूनें चांदीच्या पृष्ठावर धरलेला तो पातळ पापुद्रा होय. जाणकार संग्राहक तो काढीत नाहीं. उलट, तो सारखा धरलेला असेल तर नाणें घांसलेलें नाहीं याची ती खूण मानतो.

हा काळसरपणा वाढूं नये म्हणून गंधक दूर ठेवावा. लोंकर, रबर, वर्तमानपत्राचा कागद यांतून तो येतो. रुपयांच्या चळतीला रबरी पट्टी लावून ठेवल्यास तिची काळी रेघ रुपयावर कायमची उमटते. स्वयंपाकघरांतील गॅसला जो वास मुद्दाम दिलेला असतो, तो गंधकाच्याच संयुगाचा; कांदा व अंडीं यांतही गंधक आहे. म्हणून फडताळांतला डबा ही रुपयांची जागा नव्हे. मऊ, चिकट वाटणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कालांतरानें आम्ल सोडतात आणि नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. त्याऐवजीं कडक पारदर्शक पॉलिएस्टरचीं पाकिटें घ्यावींत. सराफाची मखमली डबी देण्याघेण्यापुरती. वर्षानुवर्षें ठेवण्यास ती बरी नव्हे. प्रत्येक नाणें निराळें ठेवावें, कांठावरच धरावें, आणि घामट हात लावूं नयेत. बोटाचा ठसा आज दिसत नाहीं, वर्षानें दिसतो. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालाव्या आणि त्या पावसाळ्यानंतर बदलाव्या. बारामती-इंदापूरचा मुलूख पर्जन्यछायेचा. कोरडी हवा चांदीला मानवते. पण कालव्याकांठच्या ओलसर भिंती आणि सांडपाण्याच्या नाल्यांचा कुजट वास यांपासून तिथेंही जपलें पाहिजे. त्या वासांतही गंधकाचाच वायु असतो.

पूजेचा प्रश्न राहिला. हळदकुंकू आणि पंचामृत यांनीं नाण्यावर डाग पडतात. पण म्हणून लक्ष्मीपूजन सोडावें असें कोण म्हणेल? उपाय सोपा आहे. एक रुपया पूजेचा म्हणून निराळा काढावा. तो वर्षानुवर्षें देव्हाऱ्यांत राहो, काळा पडो, उजळला जावो. बाकीचे पाकिटांतून न काढतां त्यांच्यापुढें हात जोडावे.

बँकेच्या लॉकरांत ठेवणें बरें. पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणें किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यांमुळें नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. त्याहून अधिक मोलाचा ऐवज असेल, तर निराळा विमा उतरावा, आणि लॉकरास वारस नेमून ठेवावा.

कायद्याच्या दोन गोष्टी थोडक्यांत. शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें. परदेशांतील मुलाकडे जातांना आठवण म्हणून तें सामानांत घालूं नये. आणि उजनीच्या फुगवट्याचें पाणी उन्हाळ्यांत ओसरलें कीं पळसदेवासारखीं बुडालेलीं जुनीं स्थळें उघडीं पडतात; तशा जागीं किंवा शेतांत नांगरतांना जुनीं नाणीं सांपडलीं, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वयें त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणें बंधनकारक आहे. सांपडलेलें नाणें आणि विकत घेतलेलें नाणें यांत कागदाचा फरक आहे. म्हणूनच बिल जपावयाचें.

शेवटीं एक वही. प्रत्येक रुपयाचें साल, वजन, पाण्याच्या परीक्षेचा आंकडा, कोणाकडून, केव्हां आणि किती किमतीस घेतला हें तींत लिहावें. बिल तिला जोडावें. आणि वही डब्याबरोबर न ठेवतां निराळ्या जागीं ठेवावी. वर सांगितलेल्या घरीं लग्नांत मुलीला पंचवीस रुपये मिळाले आणि आईच्या हातची दोन पानांची यादीही मिळाली. रुपयांपेक्षां तिनें ती यादी अधिक जपली असें कोणी सांगितलें, तर नवल वाटण्याचें कारण नाहीं. सुपें येथें वह्या जळाल्या त्या घेणाऱ्याला न वाचतां येणाऱ्या वह्या होत्या. घरांत लिहिलेली, सर्वांना वाचतां येणारी आणि प्रत्येक आंकडा पडताळून पाहतां येणारी वही कोणी जाळीत नाहीं.